अर्ध्यावर मिटलेलें पुस्तक

एखाद्या आवडत्या लेखकाचें नवें पुस्तक हातीं यावें, मोठ्या उत्कंठेनें तें उघडावें, आणि शंभर-दीडशें पानें झाल्यावर मनांत शंका यावी, ‘हा तोच लेखक का?’ असा प्रसंग बहुतेक वाचकांवर केव्हां ना केव्हां येतोच. प्रथम आपण स्वतःलाच दोष देतों. आज थकवा आहे, लक्ष लागत नाहीं, उद्यां वाचूं, असें म्हणतों. उद्यांहि तोच अनुभव आला म्हणजे मात्र वाईट वाटतें. जुन्या स्नेह्याच्या घरीं जाऊन परक्यासारखें बसून परत यावें, तसें तें वाटणें असतें. माझ्यावर हा प्रसंग २००० सालीं आला. पुस्तक ‘युगंधर’ आणि लेखक शिवाजी सावंत. त्या अपेक्षाभंगांत पुस्तकाचा वांटा किती आणि माझा किती, हें मला नीट उमगावयास पुढें पाव शतक जावें लागलें, म्हणून ही हकीकत सांगतों.

सावंत आमच्याच जिल्ह्यांतले. त्यांचा जन्म १९४० सालीं आजऱ्यास झाला आणि कोल्हापुरांतील राजाराम हायस्कुलांत ते शिक्षक होते. १९६७ सालीं ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस-सत्तावीस वर्षांचें. एका तरुण शाळामास्तरानें एवढी मोठी कादंबरी लिहावी आणि साऱ्या महाराष्ट्रानें ती डोक्यावर घ्यावी, याचें कौतुक आम्हां कोल्हापूरकरांस, त्यांतून आमच्यासारख्या शिक्षकाच्या घरास, किती वाटलें असेल तें सांगावयास नको.

आमचे तीर्थरूप अण्णाहि शिक्षकच. चातुर्मासांत घरीं महाभारत वाचण्याचा त्यांचा नेम होता. ‘मृत्युंजय’साठीं त्यांनीं करवीर नगर वाचन मंदिरांत नांव नोंदवून ठेवलें होतें. १८५० सालापासूनच्या त्या वाचनालयांतून अखेर एकदां पुस्तक घरीं आलें. मी तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होतों. रात्रीचीं जेवणें झालीं कीं माजघरांत आजी, आत्या, दोघी काकू आणि आम्ही सारीं मुलें जमत असूं, आणि अण्णा वाचीत. एके रात्रीं वाचन इतकें रंगलें कीं थोरली काकू विरजण लावावयास विसरली. दुसऱ्या दिवशीं पंधरा माणसें ताकावांचून जेवलीं. पण एकानेंहि त्याबद्दल शब्द काढला नाहीं.

अण्णा कांहीं डोळे मिटून वाचणारे नव्हते. मधेंच पुस्तकांत बोट घालून ते सांगत, “हें वकिलाचें बोलणें आहे, बरें का! सभापर्वांत द्रौपदीचीं वस्त्रें काढून घे, असें दुःशासनास सांगणारा कर्णच आहे.” इतकें बजावून ते पुन्हां वाचूं लागत, आणि थोड्याच वेळांत कर्णाच्या दुःखानें त्यांचाच आवाज भरून येई. त्याच वर्षीं, १९६७ सालीं, इरावतीबाई कर्वे यांचें ‘युगान्त’ही निघालें होतें. इरावतीबाई त्याच माणसांचा निवाडा न्यायाधीशाच्या कोरडेपणानें करीत, आणि सावंत एकाची बाजू जीव ओतून मांडीत. आमच्या घरांत दोन्ही पुस्तकें गुण्यागोविंदानें नांदलीं. तेव्हां कादंबरीनें मूळ ग्रंथाशीं फारकत घेतली म्हणून नाराज होणारें आमचें घर नव्हतें, हें आधींच नमूद करून ठेवतों.

पुढें १९७९ सालीं ‘छावा’ आली. तीहि आम्ही अशीच वाचली. त्यानंतर सावंत श्रीकृष्णावर लिहिणार आहेत असें ऐकूं येई, आणि आम्ही वाट पाहत असूं. ‘युगंधर’ प्रसिद्ध झाली तोंवर मी त्रेचाळीस वर्षांचा झालों होतों, आणि अण्णा अठ्ठ्याहत्तर. त्यांना मोतीबिंदूमुळें वाचवत नव्हतें. या वेळीं पुस्तक वाचनालयांतून न आणतां मीं विकत घेतलें, आणि रात्रीं वाचून दाखवूं लागलों.

मात्र घर तें राहिलें नव्हतें. वाड्याच्या वांटण्यांची बोलणीं चाललीं होतीं. चुलत भावांपैकीं कोणास वाडा पाडून इमारत बांधावयाची होती, कोणास तो राखावयाचा होता. आणि दोन्ही पक्ष सकाळ-संध्याकाळ अण्णांकडे येऊन एकमेकांविरुद्ध सांगून जात. माजघरांत आतां आम्ही दोघेच बसत असूं.

नऊ-दहा रात्री वाचन झालें. एके रात्रीं अण्णा म्हणाले, “आज राहूं दे.” दुसऱ्या रात्रींहि तेंच म्हणाले. तिसऱ्या रात्रीं मला म्हणाले, “शांतिपर्व काढ. त्यांतला कृष्ण आणि नारद यांचा संवाद वाच.”

हा संवाद फारसा परिचित नाहीं, म्हणून त्याचा आशय सांगतों. श्रीकृष्ण नारदापाशीं आपल्या भाऊबंदांचें गाऱ्हाणें करतो. मिळकतीचा निम्मा भाग त्यांना देऊन, त्यांचीं कठोर बोलणीं सोसून, आपण त्यांची चाकरीच करीत आहों, असें तो म्हणतो. बलराम आपल्या बळांत, गद आपल्या सुकुमारपणांत, प्रद्युम्न आपल्या रूपांत दंग. साह्याला कोणी नाहीं. आहुक आणि अक्रूर यांच्या कलहांत त्याची स्थिति दोन जुगारी मुलांच्या आईसारखी झाली आहे : एकाचा जय व्हावा असें तिला वाटतें, पण दुसऱ्याचा पराजय व्हावा असें वाटत नाहीं. एवढें वाचून झालें आणि अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हा माझा कृष्ण.” ‘युगंधर’ मीं मिटली ती तेव्हांच.

आमचें बिनसलें कोठें, याचा पुढें मीं पुष्कळ विचार केला. ‘मृत्युंजय’मध्यें पात्रें स्वतः बोलतात, तीच पद्धत सावंतांनीं ‘युगंधर’मध्यें योजली आहे. कर्णाला ती शोभली. कारण कर्णाला आपण कोण हेंच ठाऊक नाहीं. जो स्वतःला शोधीत असतो, त्याचें बोलणें ऐकत राहावेंसें वाटतें. श्रीकृष्णाची गोष्ट निराळी. त्याला सारें ठाऊक आहे, अशा श्रद्धेनें आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे पाहत आलों. उद्योगपर्वांत कृष्ण कर्णाला रथांत घेऊन त्याच्या जन्माचें रहस्य सांगतो, तो प्रसंग आठवून पाहा. तेथें कर्णाचें अंतःकरण पुरतें उघडें होतें. कृष्णाच्या मनांत त्या वेळीं काय होतें, हें व्यास सांगत नाहींत. गीतेंत तो स्वतःविषयीं पुष्कळ बोलतो हें खरें, पण तें ईश्वर म्हणून. माणूस म्हणून त्याचें दुःख महाभारतांत क्वचितच दिसतें, आणि म्हणूनच नारदापाशीं काढलेले ते चार उद्गार काळजाला भिडतात. जो क्वचित बोलतो त्यालाच पानेंच्या पानें स्वतःची कथा सांगावयास बसविलें, आणि चमत्कार बाजूस सारून त्याला माणूस करूं जातां भाषा मात्र देवाला साजेशी भरजरी ठेवली, येथें माझें मन दुरावलें. हें माझें मत आजहि कायम आहे.

पण त्या वेळीं मी एवढ्यावर थांबलों नाहीं. मीं लेखकांस सहा पानी पत्र लिहिलें. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें दोषांना अनुक्रमांक दिले. अक्षर नीट आलें नाहीं म्हणून पुन्हां उतरवून काढावें, असें म्हणत तें पत्र खणांत पडून राहिलें. १८ सप्टेंबर २००२ रोजीं सावंत वारले; वय अवघें बासष्ट. बातमी वाचल्यावर मीं पत्र बाहेर काढून पाहिलें. टीका कडक होती, पण खोटी नव्हती; तिचें मला वाईट वाटलें नाहीं. वाईट याचें वाटलें कीं, त्या सहा पानांत विरजणाची गोष्ट कोठेंच नव्हती. ज्यानें आमच्या घराला एवढा आनंद दिला त्याला त्या आनंदाबद्दल एक ओळहि न लिहितां मीं केवळ दोष मोजले होते.

आतां अलीकडची गोष्ट. २०२५ च्या फेब्रुवारींत ‘छावा’वरून काढलेला हिंदी चित्रपट आला. तो पाहून माझ्या पुतणीची कॉलेजांत शिकणारी मुलगी सुटींत आमच्याकडे आली आणि सावंतांचीं पुस्तकें शोधूं लागली. तिनें ‘मृत्युंजय’ वाचली नव्हती; ‘युगंधर’च प्रथम हातीं लागली. आठवड्यानें ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. “आजोबा, मला फार आवडलं. पण यात हा कागद कसला?” घडी उलगडून पाहतों तों वाड्याच्या वांटणीचा कच्चा खर्डा. त्या रात्रीं खूण म्हणून मींच तो घातला असला पाहिजे. तो रुक्मिणीचें निवेदन सुरू होण्यापूर्वीं होता.

म्हणजे एका पुस्तकावर सहा पानी अभिप्राय लिहिला, तो श्रीकृष्णाचें निवेदनहि संपलें नसतां! अर्धी उत्तरपत्रिका वाचून गुण देणाऱ्या शिक्षकाला मीं स्वतः कधीं क्षमा केली नसती. लाजून मीं पुस्तक पुन्हां हातीं घेतलें आणि शेवटपर्यंत वाचलें. पुढें रुक्मिणी बोलते, सारथी दारुक बोलतो, द्रौपदी, अर्जुन, सात्यकि आणि अखेर उद्धव. श्रीकृष्ण जेथें दुसऱ्याच्या डोळ्यांतून दिसतो, विशेषतः दारुकाच्या आणि उद्धवाच्या, तेथें तो मला कितीतरी जवळचा वाटला. ‘मृत्युंजय’ची उंची मला याहि वेळीं दिसली नाहीं, पण अण्णांनीं आणखी थोड्या रात्री ऐकलें असतें तर बरें झालें असतें, असें मात्र वाटलें.

लेखक एक पुस्तक देतो आणि आपण त्याच्यावर जन्माचा हक्क सांगतों. पुन्हां तेंच दे, असा आपला हट्ट असतो. याच कोल्हापुरांत १९३८ पासून राहिलेल्या वि. स. खांडेकरांनीं १९५९ सालीं ‘ययाति’ दिली, तेव्हां आमच्या आजोबांना ती मुळींच रुचली नव्हती. व्यासांच्या ययातीचें हें काय केलें, असें ते म्हणत. पुढें १९७४ चें ज्ञानपीठ त्याच कादंबरीला मिळालें, आणि मराठीला मिळालेलें तें पहिलेंच. वाचकाचा अपेक्षाभंग खरा असूं शकतो, तो लपवूंहि नये. पण पुस्तकांत काय नाहीं आणि आपण त्याच्याकडे काय मागत होतों, हें वेगळें करून पाहिलें पाहिजे. आम्ही दोघे त्या रात्रीं एका कादंबरीकडे वांटण्यांवरचा उतारा मागत होतों. तो देण्याचें सावंतांनीं कधीं कबूल केलें नव्हतें.

वाचकहो, आपलाहि एखादा आवडता लेखक असेल आणि त्याच्या नव्या पुस्तकानें आपली निराशा केली असेल, तर पुस्तक पुरतें वाचा, आणि तो हयात आहे तोंवर त्याला अवश्य लिहा. दोष लिहा, पण आधीं त्यानें दिलेल्या आनंदाची पोंच द्या. माझें तें पत्र अजून खणांत आहे. त्याच्या पहिल्या पानावर, वरच्या कोऱ्या जागेंत, विरजणाची गोष्ट मीं आतां लिहून ठेवली आहे.