चक्क्याचं पाणी

पाडव्याची आदली रात्र. ओट्यावरच्या नळाला दह्याचा पंचा टांगलाय, तीन लिटर गाईच्या दुधाचं दही. खालच्या पातेल्यात टप टप निवळी पडतेय. पिवळसर, किंचित हिरवी झाक असलेली. ही झाक ब-2 जीवनसत्त्वाची, रायबोफ्लेविनची. आई खुर्चीत बसून पातेल्यावर लक्ष ठेवून आहे.

"ओतू नकोस हं ते. उद्या पुऱ्यांची कणीक त्यातच भिजवू."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तीन दिवसांपासून एक सीलबंद डबा उभा आहे. व्हे प्रोटीन. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

"तालमीतल्या पोरांची भुकटी ती. मी काय आता जोर-बैठका काढणारेय?"

मी डबा तिच्यापुढे धरते. "आई, हे त्या पातेल्यातल्यासारख्या पाण्याचंच केलेलं आहे." गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के केसीन, 20 टक्के व्हे. चीज करताना केसीनचा गोळा होतो, व्हे निवळीत राहतं. ती निवळी गाळून, आटवून, वाळवून ही भुकटी होते.

"मग हे पाणीच पिते की!"

तिचं म्हणणं सरळ आहे, पण आपण दही लावायच्या आधी दूध उकळतो. सत्तर अंशांच्या वर व्हेची प्रथिनं उलगडतात आणि केसीनला चिकटतात. उकळलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं ते म्हणूनच. पातेल्यात लॅक्टोज, आंबटपणा, कॅल्शियम उतरलंय. प्रथिनं फारच थोडी.

"म्हणजे सत्त्व पंच्यातच राहिलं," आई म्हणते. तिचा जीव भांड्यात पडतो.

माझा मात्र पडत नाही. तिच्या रात्रीच्या ताटात अर्धी पोळी, चमचाभर भाजी आणि ताकभात होता. तिचं वजन 52 किलो. या वयात किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं वार्धक्याचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. मी आज दिवसभराची बेरीज केली, ती जेमतेम तिसापर्यंत गेली. अंथरुणात गेलेल्या तीन आठवड्यांत तिची मांडी इतकी वाळली, की पहिल्यांदा आंघोळ घालताना माझा हात थबकला होता.

म्हातारे स्नायू थोडक्या प्रथिनांना दाद देत नाहीत. त्यांना जागं करतं ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल, आणि ते व्हेमध्ये भरपूर असतं, प्रथिनांच्या सुमारे एक दशांश. शिवाय व्हे लवकर पचतं. दूध, अंडी, डाळ यांनीही भागलं असतं, पण पोटभर खाणाऱ्याचं. आईला अर्धा लिटर दूध एका वेळी जाणार नाही, एक माप जाईल. तिचं क्रिएटिनीन तपासून घेतलंय. मूत्रपिंडाचा त्रास असता तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी या डब्याला हात लावला नसता.

मी सील फोडते. दूध कोमटच ठेवलंय, कढत दुधात याच्या गुठळ्या होतात. एक माप, 24 ग्रॅम प्रथिनं. व्हॅनिलाचा वास येताच आई नाक मुरडते. मग स्वतःच सांगते, "उद्याच्या श्रीखंडातली वेलदोड्याची पूड घाल चिमूटभर."

ती घोट घोट पिते. पेला रिकामा झाल्यावर मी तो उलटा करून बघते, लहानपणी ती माझा बघायची तसा.

आता व्यायाम. त्याशिवाय नुसत्या भुकटीने मांडी भरत नाही. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. काल सहा वेळा जमलं होतं. मी समोर हात पुढे करून उभी राहते, तिला न धरता.

एक. दोन. चौथ्याला ती दम घेते. सहा.

सातव्याला ती उठते आणि बसतच नाही. वॉकरकडे न बघता ओट्याला धरून दोन पावलं टाकते आणि पातेल्यात डोकावते.

"बदल गं हे, भरत आलं."