रश्श्याबाहेरचं मटण

मटण खावं तर कोल्हापूरकडं, या वाक्याला पेठ वडगावात कुणी वादासाठीसुद्धा हरकत घेणार नाही. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्याकडं मटण शिजवतात, भाजत नाहीत. तांबडा, पांढरा, सुकं, खिमा, लोणचं, सगळा संसार पातेल्यातला. मुंडी आणि पाय जाळावर धरतात, तेही केस जळण्यापुरते. पुढं त्यांची रवानगी पातेल्यातच होते. हौसेनं कुणी गच्चीवर सळईला मटण लावलंच, तर ते एकतर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं राहतं, नाहीतर चावून चावून जबडा दुखतो, नाहीतर पपईच्या चिकानं त्याचा लगदा होतो. मग सगळे म्हणतात, हे घरचं काम नव्हे, याला तंदूरच पाहिजे. मला हे पटत नाही. आपण रश्श्याचे नियम सळईला लावतो आणि म्हणून फसतो. तेच ताजं मटण, तोच हाडासकट तुकडा, तोच भरपूर मसाला. हे नियम सोडून द्यायचे असतील तर ग्रीक पद्धतीच्या सळईवरच्या मटणासारखा, म्हणजे सूवलाकीसारखा, दुसरा धडा नाही. त्यात लपायला जागाच नसते: मांस, मीठ, तेल, लिंबू, एक वाळलेला पाला आणि निखारा.

ग्रीसची माहिती थोडक्यात उरकतो. तिथल्या रस्त्यावर मिळणारी सूवलाकी आज बहुतेक डुकराच्या मांसाची असते. कोकरू हा ईस्टरचा थाट, तेव्हा ते अख्खंच दांड्यावर फिरतं. कोकराच्या तुकड्यांची सळई घरी, अंगणात होते. ऑलिव्हचं तेल, लिंबू, लसूण आणि ओरेगॅनो हा तिचा मसाला, सोबतीला घट्ट दह्यातली काकडी. एवढं पुरे.

ही रीत परदेशी, आपल्या जिभेला ती कशी मानवणार, हा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर आपल्याच जुन्या ग्रंथांत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात, ११३०च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ रचला. त्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता. राजाच्या उपभोगांचं वर्णन करताना तो अन्नावर सविस्तर लिहितो, आणि त्यात शूलावर भाजलेल्या मांसाला मानाची जागा आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात शूल्य मांसाची कृती तर थक्क करणारी आहे: मांस सळईत ओवावं, तूप आणि मीठ लावावं, धूर नसलेल्या विस्तवावर भाजावं. संपली कृती. आता होमरच्या ‘इलियड’चा नववा सर्ग काढून पाहा. अकिलीसच्या तंबूत पाहुणे येतात, मेंढी, बकरी आणि डुकराचं मांस कापलं जातं, त्याचा सोबती पात्रोक्लस आग पेटवतो, ज्वाळा बसल्यावर निखारे पसरतो, सळया आधारावर ठेवतो आणि मीठ टाकतो. तूप वगळलं की दोन्ही कृती एकच होतात. त्यामुळं ग्रीकांकडून आपण काही उसनं घेतो असं मला वाटत नाही. मधल्या काळात आपल्या स्वयंपाकघरातून ही रीत सुटली आणि त्यांनी ती चालू ठेवली, इतकाच फरक.

आता मटणाकडं येऊ. सळईसाठी कोवळं मेंढरू हवं, आणि त्या बाबतीत आपला हातकणंगले तालुका ग्रीसला हार जाणारा नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली धनगरांची गर्दी याच तालुक्यात जमते. सुगीनंतर खतासाठी रानात मेंढरं बसवण्याची चाल इकडं अजून आहे. आपली काळी दख्खनी मेंढी काटक, भरपूर चालणारी. म्हणून तिचं वय महत्त्वाचं. बाजारात धनगर जनावराचा ओठ वर करून दात बघतो, ते उगीच नाही. मेंढराचे दुधाचे दात पडून पहिले दोन पक्के दात साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान येतात. आदत कोकरू, म्हणजे पक्का दात न आलेलं, सळईला उत्तम, दोनदातीपर्यंत चालेल, चारदाती थेट रश्श्याला. कारण सरळ आहे. जनावर वाढतं तशा स्नायूंना बांधणाऱ्या तंतूंच्या गाठी पक्क्या होतात, आणि त्या विरघळायला तास दीड तासाची ओली आच लागते. पातेलं ती देतं. सळई आगीवर दहा मिनिटं असते, ती कुठून देणार? म्हणून मागचा फरा घ्यावा, आणि त्यातलाही नळीजवळचा शिरांचा भाग बाजूला ठेवावा. बोकडाचं चालेल का? चालेल, पण त्यात स्नायूंच्या आतली चरबी कमी, ते लवकर कोरडं पडतं. तेल थोडं जास्त आणि आच मिनिटभर कमी, एवढं सांभाळावं. मेंढ्याच्या मटणाला वास येतो ही तक्रार खरी आहे. तो वास मुख्यतः चरबीत असतो आणि वयाबरोबर वाढतो. कोवळं जनावर घेतलं आणि वरची जाड चरबी काढली की तक्रारीत दम उरत नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप ताजेपणाचा, कारण तो इथल्या अभिमानाचा आहे. सकाळी कापलेलं, अजून गरम असलेलं मटण पिशवीतून घरी आणून तासाभरात चुलीवर, ही आपली रीत. रश्श्यासाठी ती योग्यच. पण जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. मेंढराच्या बाबतीत ते सैल पडायला एखादा दिवस लागतो. मग मांसातलीच पाचकं तंतू हळूहळू तोडत जातात. आखडलेल्या अवस्थेतलं मटण सळईवर गेलं की ते रबर होणारच. मग दोष कोळशाला देऊन उपयोग नाही. त्यासाठी अख्खा फरा हाडासकट घ्यावा. हाड स्नायूला ताणून धरतं, त्यामुळं तो फार आकसत नाही. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तो झाकून एक दिवस ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी हाड काढावं. गरम मटण लगेच फ्रीजरमध्ये कोंबलं तर उलटा परिणाम होतो, आखडण्याआधीच गारठलेला स्नायू कायमचा कडक होतो. ‘फ्रीजमधलं म्हणजे शिळं’ हा संशय मनातून काढावा लागेल. शिळं होणं आणि मुरणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि थंडीत पहिली रोखली जाते म्हणूनच दुसरी होऊ शकते.

मुरवण्याबद्दल आपल्या कल्पना जरा भाबड्या आहेत. मसाला आत शिरतो असं आपण धरून चालतो. खरं तर आत शिरतं ते मीठ, आणि तेही हळूहळू. लिंबाचा रस, लसूण, मिरपूड वरच्या पातळ थरातच राहतात. म्हणून किलोभर बोनलेस मटणाला साधारण दहा ते बारा ग्रॅम मीठ आदल्या रात्रीच चोळून ठेवावं. मीठ आधी पाणी ओढून काढतं आणि मग ते खारं पाणी परत आत जातं. लिंबू मात्र भाजायच्या आधी तासभरच, अर्धं. आपलं कागदी लिंबू जहाल असतं. रात्रभर ठेवलं तर मटणाची कड पांढरी, भुसभुशीत होते. पपई तर नकोच. ऑलिव्ह तेल महाग वाटत असेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल वापरा, चव ग्रीक राहणार नाही पण मटण बिघडणार नाही. ओरेगॅनोचं कोडं कुंडीत सुटतं. ग्रीक ओरेगॅनोचा वास ज्या कार्व्हॅक्रोलमुळं येतो, ते आपल्या पानओव्यातही असतं, आणि ओव्यातलं थायमॉल हे त्याचं सख्खं भावंड. पानओव्याची दोन-तीन पानं बारीक चिरून, किंवा चिमूटभर ओवा चुरडून, एवढं बस होतं. आणि चटणी? कांदा-लसूण मसाल्याशिवाय मटण ही कल्पना इथं कुणाला पचणार नाही, हे मी जाणतो. पण तो निखाऱ्यावर नेऊ नये. मिरचीची पूड आणि भाजलेला कांदा-खोबरं मटणाच्या कितीतरी आधी करपतात आणि कडू होतात. बाहेरून काळं, आत कच्चं, या रोगाचं अर्धं कारण तेच. सळई उतरल्यावर वरून भुरभुरा, हवा तितका.

आता निखारा. या विषयावर थांबावं लागेल, कारण बाकी सगळं जमूनही बेत इथंच बुडतो. सांतोरिनी बेटावर अक्रोतिरी नावाचं गाव साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९६७मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तिथं खोदकाम सुरू केलं. त्या गावात सळया टेकवायचे मातीचे आधार सापडले आहेत: टोकांना जनावराच्या मुंडक्यांचे आकार, वरच्या कडेला सळई बसेल अशा खाचा, आणि तळाशी ओळीनं भोकं. त्या भोकांतच सगळं ज्ञान आहे. निखाऱ्याला खालून वारा मिळाला तर तो लाल राहतो, नाहीतर राखेखाली झोपतो. खाचांमुळं सळई निखाऱ्यापासून ठरावीक उंचीवर राहते, मांस जाळीला चिकटत नाही आणि चारही बाजूंनी फिरवता येतं. ही वस्तू आपल्या अंगणात फुकट बनते. विटांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा, सळईची दोन्ही टोकं विटांवर टेकतील इतकंच अंतर ठेवा, खालच्या थरात दोन विटांमध्ये बोटभर फट सोडा. झाली अक्रोतिरीची शेगडी. बाजारातली पत्र्याची बार्बेक्यू शेगडी याहून फार वेगळं काही करत नाही.

निखारा म्हणजे आग नव्हे, हे हुरड्याच्या आगटीवर बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कणीस ज्वाळेत धरलं तर काळं होतं, आरात खुपसलं तर दाणा फुलतो. ज्वाळेत अर्धवट जळालेली काजळी असते, ती मटणावर बसते. निखारा उष्णता किरणांनी फेकतो, आणि ही फेक तापमानाच्या चौथ्या घाताबरोबर वाढते. म्हणजे कोळसा थोडा मंदावला तरी आच पुष्कळ घटते. मंद आचेवर मटणातलं पाणी आधी निघून जातं आणि भाजल्याचा रंग, जो पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर गेल्यावरच येतो, तो येईपर्यंत आतला रस संपतो. म्हणून आच तेज हवी, वेळ थोडा हवा, आणि सळईवर चढवण्याआधी तुकडे कापडानं टिपून कोरडे हवेत. बाभळीचा कोळसा सावकाश पेटतो आणि टिकतो. करवंट्या भडकन पेटतात, जोरदार तापतात आणि लवकर संपतात; कोळशाला मदत म्हणून त्या छान. शेणी हुरड्याला ठीक, मटणाला त्यांचा धूर लागतो. रॉकेल तर कोळशाजवळ आणू नये, त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. पेटवल्यापासून अर्ध्या तासानं कोळशावर करड्या राखेची साय धरते आणि धूर थांबतो. ‘भावप्रकाशा’तला धूर नसलेला विस्तव हाच. वीतभर उंचीवर तळहात धरून मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत हात काढावा लागला तर आच बरोबर. चुलीजवळच्या बायकांना हे अंदाज न मोजता येतात. सळईच्या वेळी मात्र शेगडीचा ताबा नेमका घरातल्या पुरुषांकडं जातो आणि ते ज्वाळा असतानाच मटण चढवतात. हे सगळं उघड्यावरच करायचं. कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही, म्हणून बंद खोलीत किंवा दारं लावलेल्या बाल्कनीत शेगडी कधीच नको.

तुकडे इंचभराहून थोडे मोठे, सगळे एका मापाचे. लोखंडी सळई चपटी असावी, गोल सळईवर तुकडा जागच्या जागी फिरतो. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवाव्या. दर मिनिटा-दोन मिनिटांनी फिरवत आठ ते दहा मिनिटं. आतून किंचित गुलाबी मटण पाहून आपल्याकडं नाकं मुरडली जातात, आणि कच्च्याची भीती रास्त आहे. पण अखंड तुकड्याच्या आत ६३ अंश तापमान आणि उतरवल्यावर तीन मिनिटं विश्रांती एवढं सुरक्षित मानलं जातं. खिम्याला मात्र ७१ लागतात. ज्यांना गुलाबी नको त्यांनी मिनिटभर जास्त ठेवावं, पाच मिनिटं नव्हे. भाजलेल्या मांसानं कॅन्सर होतो, हा हल्लीचा आक्षेप. चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणारा धूर आणि करपलेला पापुद्रा यांत घातक संयुगं तयार होतात, हे खोटं नाही. ज्वाळा टाळणं, चरबी काढणं आणि करपू न देणं हाच त्यावरचा उपाय, आणि चवीसाठीही नेमकं हेच करायचं आहे. रोज कोण सळया लावून बसतंय?

सोबतीला चक्का. श्रीखंडासाठी टांगतो तसाच, पण साखर नाही, कूट नाही, फोडणी नाही. काकडी किसून, मीठ लावून, मूठ आवळून पिळायची. पाणी राहिलं तर सगळं बिघडतं. ठेचलेला लसूण आणि चमचाभर तेल. पिटा शोधत फिरू नये, ज्वारीची मऊ भाकरी मटणाचा रस जास्त चांगला पिते.

शेवटचा आक्षेप खिशाचा आहे. डिसेंबर २०१९मध्ये मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन झालं आणि दर किलोला ५२० रुपयांवर ठरवून घ्यावा लागला. तेव्हापासून तो खाली आलेला नाही. किलोभराचा रस्सा दहा पानांना पुरतो, किलोभर सळया चौघांत संपतात, हा हिशोब बिनतोड आहे. पण फऱ्यातून निघालेली हाडं, नळी आणि शिरांचे तुकडे कुठं जातात? आलं-लसूण आणि मीठ घालून ते मंद आचेवर ठेवलं की अळणी तयार होते, आणि अळणी असली की पांढरा रस्सा अर्धा झालाच. सळया गच्चीवर, रस्सा खाली चुलीवर, दोन्ही एकाच फऱ्यातून. दिवाळीचा फराळ संपून थंडी पडायला लागली की खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: मेंढ्याचा मागचा फरा, आदत जनावराचा, न तोडता द्या.