मांजरे, कुत्री आणि सतराव्या शतकातील पाऊस

आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळू लागला की मांजरे आणि कुत्री बरसत आहेत असे इंग्रज माणूस म्हणतो. आणि हे चमत्कारिक विधान त्याच्या भाषेत आले कोठून, याविषयी आजवर ज्या तऱ्हेतऱ्हेच्या कैफियती मांडल्या गेल्या, त्यांतील बहुतेकींना दाखल्याचे पाठबळ नाही.

सर्वांत लोकप्रिय कैफियत गवताने शाकारलेल्या छपरांची. उबेसाठी कुत्री-मांजरे छपरात निजत आणि जोराची सर आली की निसरड्या गवतावरून खाली घसरत, असा मजकूर १९९९ साली ई-मेलद्वारे फार दूरवर पसरला. वस्तुतः शाकारणी ही घट्ट बांधलेली आणि चांगल्या उताराची असते, पाणी वरच्या थरावरूनच निथळून जाते. तिच्यात मांजराला शिरकाव मिळणे दुरापास्त, मग कुत्र्याचे काय घेऊन बसलात! ब्रूअरने १८७० च्या आपल्या कोशात उत्तरेकडील पुराणांचा आधार घेऊन वादळाचा अधिपती ओडिन आणि हवामानावर सत्ता चालविणारी मांजरे यांना साक्षीला बोलाविले. आणखी काहींनी ‘कॅटाड्यूप’ या धबधब्याच्या जुन्या नावाचा हा अपभ्रंश ठरविला.

या सर्व दाव्यांचा फैसला छापील दप्तराने करावा हे उत्तम. वेल्समधील अस्क नदीच्या खोऱ्यातला कवी हेन्री वॉन याच्या १६५१ सालच्या ‘ओलोर इस्कॅनस’ या संग्रहात, सरींतून बरसणाऱ्या कुत्र्या-मांजरांपासून आपला माल वाचविणारे छप्पर फेरीवाल्यांना हवे असल्याचा उल्लेख आहे. रिचर्ड ब्रोमचे ‘द सिटी विट’ हे नाटक छापले गेले १६५३ साली. परंतु १६४२ साली लंडनची नाट्यगृहे बंद पडण्यापूर्वीच ते लिहिलेले होते. त्यात लॅटिन-ग्रीकचे तुकडे फेकणारा एक पंडितंमन्य गृहस्थ कुत्री आणि पोलकॅट बरसतील असे भाकीत करतो; पोलकॅट म्हणजे मुंगसाच्या चणीचा, उग्र दर्प सोडणारा एक प्राणी. दोन्ही ठिकाणी कुत्रे अग्रभागी आहे आणि त्याचा जोडीदार अद्याप कायम झालेला नाही. ‘कॅटाड्यूप’मधून वाक्प्रचार निघाला असता तर मांजर प्रथमपासून आघाडीवर दिसावयास हवे होते, म्हणून ती व्युत्पत्ती मला सर्वस्वी त्याज्य वाटते.

जोनाथन स्विफ्टची साक्ष मात्र अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. १७१० साली ‘टॅटलर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या सरीवरील कवितेत, स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजाराकडून होबर्नच्या पुलाकडे लोटणारी गटारे त्याने अशा निर्भीड दृष्टीने न्याहाळली आहेत की, खाटकांच्या दुकानांतील शेण, आतडी आणि रक्त, बुडालेली पिल्ले, घाणेरडे मासे, मेलेली मांजरे आणि सलगमचा पाला यांचा तो लोंढा वाचकाच्या पायांवरून गेल्यासारखा वाटतो. रस्त्यावर वाहून आलेली ही कलेवरे पाहून ती आकाशातून पडली असावीत अशी कल्पना लोकांनी केली, हा तर्क त्यावरूनच रूढ झाला. नगराचे ते वर्णन खरे आहे, यात मला तिळमात्र संशय नाही. परंतु ते वॉनच्या संग्रहानंतर ५९ वर्षांनी आले, आणि वॉनचा फेरीवाला पायाखालच्या लोंढ्याला भीत नाही, तो डोक्यावर छप्पर मागतो. शिवाय स्विफ्टनेच १७३८ साली ‘पोलाइट कन्व्हर्सेशन’ या पुस्तकात, उच्चभ्रू बैठकींत झिजून गुळगुळीत झालेल्या वाक्यांच्या संग्रहात, मांजराला अग्रस्थान देऊन हा प्रयोग नोंदविला. अर्थात तोवर तो सर्वतोमुखी झालेला होता.

माझा कल, म्हणूनच, छपरांकडे वा गटारांकडे नसून कुत्र्या-मांजरांच्या हाडवैराकडे आहे. ही दोन जनावरे एकमेकांवर तुटून पडली की जो गदारोळ माजतो, तोच छपरावर आदळणाऱ्या सरींत ऐकू येतो, असे मानण्यास कोणत्याही पुराणाची गरज पडत नाही. आणि ब्रोमचा पोलकॅटही या अर्थात विनासायास बसतो, कारण त्याचेही कुत्र्याशी सख्य नाही.