घोणस, यकृत आणि वीस मिनिटं

मुंबईतल्या नाहूरच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला खाडी. अशा परिसरात घोणस दिसू शकते. तिचं विष संपवतं ते फायब्रिनोजेन. यकृतात बनणारं हे प्रथिन १०० मिलिलिटर प्लाझ्मात साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. जखम झाली की थ्रॉम्बिन त्याचे धागे करतं, कोळ्यांच्या जाळ्यासारख्या त्या विणीत रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. घोणशीचं विष हीच प्रक्रिया रक्तवाहिन्यांत अकारण सुरू करतं; फायब्रिनोजेन खर्ची पडतं, मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. म्हणूनच दंशावर चीर देणं जिवावर बेतू शकतं. मांत्रिकाकडे मुळीच नको, थेट रुग्णालय गाठा.

तिथली तपासणी साधी आहे: स्वच्छ, कोरड्या काचनळीत रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. पातळच राहिलं तर प्रतिविष. प्रतिविष विषाला निष्प्रभ करतं, पण गेलेलं फायब्रिनोजेन परत देत नाही. ते यकृतालाच नव्याने बनवावं लागतं, त्याला काही तास लागतात. हीच चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात ती त्यासाठी.