ट्रकवरून आलेल्या गाडीचा ओरखडा
मैत्रिणींनो, गटासाठी बोरिवली-मुलुंडहून घेतलेली व्हॅन ट्रकवर चढवून गावी आणली, की दोरखंड घासून रंग जातो. पावतीवर सही करण्याआधीच ओरखडे तिच्यावर लिहावेत, फोटो काढावेत. रस्त्याने मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे बुकिंगपासून 180 दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली नाही, तर दावा करता येत नाही. तोंडी तक्रार कोण ऐकतो?

मग ओरखड्यावरून नख फिरवावे. अडकले नाही, तर बहुधा वरचा पारदर्शक थरच खरचटलेला असतो. रबिंग पॉलिशने भागते. पत्रा दिसत असेल, तर गंज घासून, प्रायमर लावून, गाडीच्या रंग-क्रमांकाचाच रंग पातळ थरांनी द्यावा, तोही पावसाळ्याआधी. अख्खा दरवाजा रंगवा म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला आम्ही आधी नख फिरवून दाखवतो.