सुट्या पैशांसाठी शहरांच्या टाकसाळी

खिशात नोट आहे, दुकानात पाव आहे. पण मोड नसल्याने व्यवहार अडला आहे, असा प्रसंग पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिकांवर वारंवार ओढवला. त्यावर तेथील शहरांनी काढलेला तोडगा ‘नोटगेल्ड’ या नावाने ओळखला जातो. जर्मन भाषेत ‘नोट’ म्हणजे निकड आणि ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. थोडक्यात, निकडीचे चलन.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाला तोंड फुटताच लोकांनी चांदीची नाणी घरात दडवून ठेवण्यास प्रारंभ केला. त्यातच ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे धातूंची आयात रोडावली. तोफगोळ्यांसाठी तांबे, तर चिलखती पोलादासाठी निकेल हवे होते. साहजिकच या धातूंची नाणी मागे पडली. सरकारने लोखंड, अॅल्युमिनियम आणि जस्ताची नाणी काढली. मात्र मागणी पुरी होईना.

अखेर नगरपालिका पुढे सरसावल्या. त्यांनी न्यूरेम्बर्गच्या लाउअरसारख्या खासगी कारखान्यांकडून जस्ताची व लोखंडाची नाणी पाडून घेतली. ५, १० आणि ५० फेनिग ही त्यांची नेहमीची मूल्ये. १०० फेनिगचा एक मार्क होत असे. सरकारी नाण्यांपेक्षा वेगळी दिसावीत म्हणून अनेक नाणी अष्टकोनी होती. एका बाजूस शहराचे मानचिन्ह, तर कित्येकांवर ‘क्रीग्सगेल्ड’, अर्थात युद्धचलन, अशी अक्षरे असत.

या नाण्यातील धातूला फारशी किंमत नव्हती आणि शहराच्या हद्दीबाहेर ते सहसा कोणी स्वीकारत नसे. तरीही बेकरीवाला ते निःशंकपणे घेई, कारण नगरपालिका ते बदलून देईल याची त्याला खात्री होती.

१९१८ मध्ये युद्ध संपले, चिल्लरटंचाई मात्र संपली नाही. १९२० मध्ये बॉन शहराने आपल्या भूमिपुत्राची, संगीतकार बेथोव्हेनची, छबी नाण्यांवर झळकवली. सॅक्सनी राज्याने तर माइसेनच्या कारखान्यात चक्क चिनी मातीची नाणी घडवली. संग्राहकांच्या या नाण्यांवर उड्या पडल्या.

पुढे १९२२ च्या कायद्याने अशा चलनावर बंदी आणली. १९२३ मध्ये महागाईचा असा भडका उडाला की, नोव्हेंबरात नवा रेंटेनमार्क आला तेव्हा त्याच्या एका नाममात्र एककासाठी एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागले. शहरांनी दिलेला शब्द टंचाईत उपयोगी पडला होता. पण खुद्द मार्कवरचाच विश्वास उडाल्यावर फेनिगची हमी देऊन काही साधणार नव्हते.