कॅसेटला फुंकर मारल्यानं खरंच गेम चालायचा का? जुन्या टीव्ही गेमची गोष्ट सोप्या भाषेत

अहिल्यानगर : आज चाळिशीच्या घरात असलेल्या कुणालाही 'कोन्ट्रा' म्हणा, चेहरा खुलतो. मोबाईल यायच्या आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं ज्या डब्यासमोर तासन्‌तास बसायची, तो हा टीव्ही गेम. बऱ्याच घरांत तो अजून माळ्यावर पडून आहे. तो आला कुठून, चालायचा कसा आणि आताच्या मोबाईल गेमपेक्षा वेगळा कशात, हे समजून घेऊ.

मूळ जपानचं

मूळ मशीन जपानच्या निन्टेंडो कंपनीचं. १५ जुलै १९८३ रोजी ते 'फॅमिली कॉम्प्युटर' या नावानं बाजारात आलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ साली आला. आपल्याकडं गावोगाव पोचलं ते बहुतेक या मशीनची स्वस्त नक्कल होती. सामुराई, लिटल मास्टर ही नावं पुष्कळांच्या लक्षात असतील.

त्याही आधी शहरातल्या मोजक्या घरांत 'स्पेक्ट्रम' हा घरगुती कॉम्प्युटर होता. तो १९८२ चा, ब्रिटनचा. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं तो भारतात 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून आणला. त्याचे गेम गाण्याच्या साध्या कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची आणि गेम चढेपर्यंत काही मिनिटं वाट बघायची.

कॅसेट, पण आत टेप नाही

टीव्ही गेमच्या पिवळ्या-काळ्या डबीलाही आपण कॅसेटच म्हणायचो, पण तिच्यात टेप नसतेच. आत एक छोटी पट्टी आणि तिच्यावर चिप असते. गेम त्या चिपमध्ये कायमचा भरलेला. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असायचे. तेच गेम वेगळ्या नावानं, वेगळ्या लेव्हलपासून पुन्हा पुन्हा यादीत टाकलेले.

आता फुंकरीचं. गेम अडकला की कॅसेट काढून फुंकर मारायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. खरी गोष्ट अशी, की काम फुंकर करत नव्हती. कॅसेट काढून परत बसवल्यानं पितळी पिना नीट टेकायच्या आणि गेम चालू व्हायचा. उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजायच्या. बरेच लोक आजही मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात फुंकर मारतात. तिथंही ओलावाच जातो, ही सवय सोडलेली बरी.

गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा लहान

मारिओचा अख्खा गेम फक्त ४० केबीचा. सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. मशीनची काम करायची मेमरी तर २ केबी. म्हणून बनवणाऱ्यांनी काटकसर केली. मारिओतला ढग आणि खालचं झुडूप नीट बघा, चित्र एकच आहे. फक्त रंग बदललाय.

बंदुकीनं बदक मारायच्या गेमचीही अशीच गंमत. बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की बदक पडलं. हा हिशोब जुन्या डब्बा टीव्हीच्या चालीवर बसवलेला होता. त्यामुळं ती बंदूक आताच्या एलईडी टीव्हीवर चालत नाही.

एक टीव्ही, सगळी गल्ली

अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची आणि चित्र येईपर्यंत चॅनेल फिरवायचं. रिमोट दोन आणि पोरं दहा, त्यामुळं नंबर लागायचे. पोरींच्या वाट्याला मात्र खेळ कमीच यायचा, हेही खरं. गेम सेव्ह करायची सोय बहुतेक कॅसेटांत नव्हती. भारनियमनात लाईट गेली की शेवटच्या लेव्हलला पोचलेला मारिओ परत पहिल्यापासून. कोन्ट्रात ३० जीव मिळवायचं बटणांचं गुपित मात्र तोंडपाठ असायचं : वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए, स्टार्ट.

पुढं की-बोर्ड असलेले टीव्ही गेम आले. खरा कॉम्प्युटर गावाकडच्या पोरांना भेटला तो बहुधा २००१ नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गात. पण बटण दाबलं की पडद्यावर काहीतरी हलतं, ही भीड टीव्ही गेमनं आधीच मोडली होती.

खरा फरक पैशाचा

टीव्ही गेमला पैसे एकदाच लागायचे. हरलात तर जीव जायचा, पण खिशाला धक्का नाही. आताचा गेम फुकट मिळतो, पण आत गेल्यावर कपडे, हत्यारं, नाणी विकतो. आणि त्याच मोबाईलला बापाचं बँक खातं जोडलेलं असतं, ज्यात उसाचं पेमेंट नाहीतर कांद्याची पट्टी येते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. पण साध्या गेममधली खरेदी चालूच आहे. म्हणून पोराच्या हाती मोबाईल देण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन घरातल्या लेकरांना सांगू नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

माळ्यावरच्या खोक्याचं काय?

गेम चालू करून बघायचा असेल तर आधी अडॅप्टरची वायर कुरतडलेली नाही ना, ते तपासा. पिना कोरड्या कापडानं पुसा. जुना डब्बा टीव्ही मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जोराचा करंट शिल्लक राहू शकतो. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, त्यामुळं ती फोडून उकिरड्यावर किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका. तांब्यासाठी वायरी जाळू नका, तो धूर विषारी असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या. आणि गेम चालू झालाच, तर पहिला नंबर घरातल्या पोरींना द्या.